एका अंगणाचा पत्ता

वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या गावात जा आणि पारावर दोन घटका बसा. पहिली गोष्ट पावसाची निघेल, दुसरी कापसाच्या भावाची, आणि तिसरी गुप्तधनाची निघाल्यावाचून राहायची नाही. अमक्याच्या पडक्या वाड्यात मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसलेला आहे, आणि तो दिसायचा तर पायाळू माणसालाच दिसायचा! ऐकायला मौज वाटते खरी. पण या वेडापायी माणसांनी देवळांचे चौथरे उकरले आहेत, आणि त्याहून भयंकर गोष्टीही केल्या आहेत. म्हणून तर महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध जो कायदा केला, त्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचाही समावेश करावा लागला.

बुलढाणा जिल्ह्यातली जमीन कधी कधी खरोखरच काही देते, हेही मान्य केले पाहिजे. मेहकरचा तो भव्य शारंगधर बालाजी १८८८ साली जमिनीतूनच वर आला. अगदी अलीकडे, २०२४ साली, सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी पुरातत्त्व खात्याचे उत्खनन चालू असताना शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. परंतु गेल्या मार्गशीर्षात आम्ही सारे कुटुंब ज्या ठेव्याच्या शोधात या जिल्ह्यात उतरलो, तो ठेवा निराळाच होता. त्याच्यावर नाग नव्हता, आणि बाजारात त्याला चार आणेही कोणी दिले नसते.

त्याचे असे झाले. माझी पुतणी शिक्षणासाठी जर्मनीला असते. दिवाळीला घरी आली ती एका नव्या खेळाचे वेड घेऊन. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "कॅश म्हणजे रोकड का गं?" रोकडीशी त्याचा काही संबंध नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते आले आहे. अमेरिकेने आकाशात सोडलेले उपग्रह आपल्याला पृथ्वीवरचा पत्ता सांगतात, पण सामान्य माणसाला तो मुद्दाम थोडा चुकीचा सांगितला जाई. मे २००० च्या आरंभी ती अडवणूक उठली, आणि लगेच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने गंमत म्हणून रानात एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जगाला कळवले. ज्याला तो सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घ्यावी आणि तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी. एवढ्यावर तो खेळ जगभर पसरला. आज असे लाखो डबे जगभर लपलेले आहेत.

या खेळाचा एक प्रकार विशेष खोडसाळ. त्यात पत्ता सरळ मिळत नाही. आधी कोडे सोडवायचे, मग पत्ता, मग डबा. पुतणीने परत जाण्यापूर्वी असेच एक कोडे एका कागदावर लिहिले, आणि तो कागद आम्हा कोणाच्या हाती न देता आबांच्या हाती दिला. "आजोबा, हे तुमच्यासाठी. बाकीचे नुसते हमाल," असे म्हणून ती विमानात बसली.

आबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. त्यांचा जन्म लोणारचा. नवव्या वर्षी, म्हणजे १९५० साली, त्यांनी ते गाव सोडले. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. घर विकले गेले, आणि पुढे एकदोन लग्नकार्यांखेरीज त्यांचे लोणारला जाणे झाले नाही. दोन वर्षांपासून आबांची आठवण पातळ होत चालली आहे. सकाळचे संध्याकाळी राहत नाही. नातवाला ते कधी माझ्या नावाने हाक मारतात, कधी आपल्या धाकट्या भावाच्या. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले होते, "जे विचारायचं असेल ते विचारून घ्या. उशीर करू नका." आम्ही मात्र औषधाच्या वेळा विचारण्यापलीकडे काही विचारले नव्हते. पोरीने विचारले होते. दिवाळीच्या पंधरा दिवसांत रोज दुपारी ती आबांच्या खाटेशी बसून काय लिहून घेत होती, ते आम्हाला पुढे कळले.

नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघालो आणि मेहकरला उतरलो. मेहकर हे पैनगंगेकाठचे गाव. इथे कंचनीचा महाल आहे. कंचनी नावाच्या नर्तकीला लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या घरातून दिसावा अशी हौस होती, म्हणून तिने मजल्यावर मजले चढवले, आणि दिवा दिसताच ती दगड होऊन पडली, अशी कथा लोक सांगतात. लोणार तिथून पंचवीसेक किलोमीटर. कथा बाजूला ठेवली तरी एका गावातून दुसऱ्या गावातली एक नेमकी जागा डोळ्यांत धरण्याची ही ओढ मला फार आवडते.

मराठीच्या अध्यापकाला मेहकर-लोणारच्या रस्त्यावर आणखी एका पुस्तकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते पुस्तक म्हणजे महानुभावांची 'स्थानपोथी'. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी या मुलखात हिंडले. 'लीळाचरित्रा'त मेघंकर म्हणून जे गाव येते ते हेच मेहकर. लोणारही येते, आणि यादव राजा कान्हरदेव तिथे स्वामींच्या भेटीला आल्याची हकीगतही येते. स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले त्यांना विचारून आठवणी गोळा केल्या. ती मूळ प्रत पुढे धाडीच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी आठवून आठवून पुन्हा सिद्ध केली, असे पंथाची परंपरा सांगते.

चौदाव्या शतकातल्या स्थानपोथीने तर याहून नवलाचे काम केले. स्वामी कोणत्या गावी कोठे बसले, कोठे निजले, कोठे उभे राहिले, इतकेच काय, लघुशंकेला कोठे गेले, याची नोंद तिने केली. ना नकाशा, ना अक्षांश! पत्ता सांगायचा तो देवळाच्या दारावरून आणि आठ दिशांवरून. अमक्या देवळाचे दार कोणीकडे, त्याच्या आग्नेयेला काय, तिथून पश्चिमेला काय, अशी बोट धरून नेणारी वाक्ये. त्या वाक्यांच्या आधारे भक्तांनी जागा हुडकल्या, त्यांवर ओटे बांधले, आणि आजही लोक तिथे जाऊन नमस्कार करतात. ही पोथी संपादून आमच्यापुढे ठेवणारे डॉ. वि. भि. कोलते याच जिल्ह्यातले. मलकापूर तालुक्यातल्या नरवेल गावी १९०८ साली त्यांचा जन्म झाला.

हे सारे मी गाडीत सांगितले. चिरंजीव नववीत आहेत. ते म्हणाले, "म्हणजे महानुभाव जिओकॅशिंग करत होते!" मी त्याला दटावणार होतो, पण विचार केला, पोराच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन कलले नव्हते. त्या अवाढव्य खळग्याच्या काठावर माणूस प्रथम उभा राहतो तेव्हा बोलणे आपोआप थांबते. सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, आणि तळाशी खाऱ्या पाण्याचा तो निश्चल हिरवा गोल. पाण्याकाठच्या झाडीत कमळजेचे देऊळ. आबा काठावरच्या दगडावर बसले आणि बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "आहे." एवढेच.

पुतणीने अक्षांशाचे १९ अंश ५९ कला आणि रेखांशाचे ७६ अंश ३१ कला हे आकडे सरळ दिले होते. पुढचे दशांशाचे तीन तीन अंक आम्ही शोधायचे. एक कला म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर, तिचा हजारावा भाग दोन मीटरांच्याही आत. तेव्हा सहा अंक मिळाले म्हणजे कोणाच्या तरी अंगणापर्यंत पोचणार, हे उघड होते.

पहिले तीन प्रश्न खळग्याचे. युरोपातल्या माणसाच्या नोंदीत हा तलाव कधी आला, त्या सालाचा शेवटचा अंक. सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी १८२३ साली इथे आला होता, म्हणून तीन. तलाव रामसर यादीत गेला त्या सालाच्या अंकांची बेरीज. साल २०२०, म्हणून चार. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते, खारे पाणी मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

तिसरा प्रश्न खरा गोडीचा. हा खळगा कोणी केला? पुराण सांगते, लवणासुर दैत्य जमिनीखाली दडून बसला होता; विष्णूने वरचे झाकण उडवून त्याला मारले. गावातल्या दैत्यसूदनाच्या कोरीव देवळात तीच कथा आहे. शास्त्रज्ञांनी प्रथम ज्वालामुखीवर संशय घेतला. तेही साहजिक होते. दख्खनचा सारा काळा पत्थर ज्वालामुखीचाच. शेवटी तळाशी छिद्रे पाडून खडकाचे नमुने वर काढले, तेव्हा त्यांत प्रचंड आघाताखेरीज होऊच शकत नाही अशी काच सापडली. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो निबंध आला आणि उल्केचा पक्ष पक्का झाला. म्हणून तिसरा अंक, सात. वय मात्र अजून वादात आहे. जुन्या पद्धतीने ५२ हजार वर्षे निघाली होती, २०११ साली आरगॉनच्या पद्धतीने ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघाली. एवढ्या मोठ्या खळग्यालाही आपली जन्मतारीख आठवत नाही, याचे मला त्या दिवशी बरे वाटले.

उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ग्रंथात नव्हती. 'घराला पायऱ्या किती?' 'गोठ्यात गाई किती?' 'आजोबा शाळेत बसत ती रांग कितवी?' आम्ही एकमेकांकडे पाहिले. नाश्त्याला काय खाल्ले हे ज्यांना सांगता आले नव्हते, ते आबा एकेका प्रश्नाला टाळी द्यावी तसे उत्तर देत गेले. आकडा पुरा झाला. तो इथे छापत नाही. ज्यांचे घर आहे त्या आजी रागावतील.

कागदाच्या तळाशी एक ओळ होती ती अशी:

पमळदेपडे काठ पर. चुळशीकासून अपरा कावले.

चिरंजीवांनी 'काठ' हा शब्द पकडला आणि तळ्याच्या काठाकडे धाव घेण्याची तयारी केली. मी म्हटले, थांब. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके जपले होते. अक्षरांची अदलाबदल करून लिहायचे, आणि किल्ली पंथातल्यांकडेच. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ती किल्ली हुडकली तेव्हा जुन्या मराठीचे केवढे तरी भांडार आपल्याला खुले झाले. अशी लिपी सोडवायची तर ओळखीचा शब्द आधी शोधावा लागतो.

तो शब्द सौभाग्यवतींना सापडला. सकाळपासून त्यांच्या तोंडी देवीच्या दर्शनाचा घोष चाललाच होता. 'पमळदे' वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, ही कमळजा!" म आणि ळ जागच्या जागी, 'क' चा 'प' झाला आहे, 'ज' चा 'द'. म्हणजे अनुनासिके सोडून क-वर्गाची प-वर्गाशी आणि च-वर्गाची त-वर्गाशी अदलाबदल. बाकी अक्षरे तशीच. मग सारी ओळ उलगडली: 'कमळजेकडे पाठ कर. तुळशीपासून अकरा पावले.'

गाव खळग्याच्या ईशान्येला आहे. मोबाइलवरचा बाण आम्हाला दोन गल्ल्या फिरवून एका मातीच्या भिंतीच्या घरापाशी घेऊन आला. दारात एक आजीबाई उभ्या होत्या. "काहून उभे राहिले? या ना बाप्पा आत. पोरगी सांगूनच गेली होती, येतीन म्हणून." आबा आम्हा सर्वांच्या आधी आत शिरले. चौकट ठेंगणी होती. आम्ही सारे डोके आपटून घेण्याच्या बेतात होतो, आबांची मान मात्र आपण होऊन वाकली.

अंगणात तुळशीवृंदावन होते. चिरंजीव तळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि ढांगा टाकत मोजू लागले. आठव्या ढांगेला कुंपणाची भिंत आली. पुन्हा मोजले, पुन्हा भिंत. "आकडा चुकला असेल," सौभाग्यवती म्हणाल्या. उपग्रहाला विचारून उपयोग नव्हता. त्याची धाव अंगणापर्यंतच. दोन-चार मीटरांचा फरक तो धरतोच.

तेव्हा आबा हसले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते. "अरे, ती पावलं सहा वर्षांच्या पोराची आहेत," ते म्हणाले. आणि काठी चिरंजीवांच्या हाती देऊन स्वतः तुळशीपाशी गेले. पाय जमिनीवरून फारसे न उचलता, छोटी छोटी पावले टाकीत, मोठ्याने मोजत ते निघाले. म्हातारपणाने त्यांची पावले पुन्हा तेवढीच झाली होती. अकरावे पाऊल गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीशी पडले. त्यांनी न पाहताच तिच्या मागच्या पोकळीत हात घातला. "गोट्या इथं ठेवायचो," ते म्हणाले. हाताला डबा लागला.

डब्यात पाच काचेच्या गोट्या होत्या, एक पेन्सिल होती, आणि एक शंभर पानी वही. पहिल्या पानावर पुतणीच्या अक्षरात लिहिले होते: 'आजोबांची स्थाने'. काकाचे ग्रंथालय पोरीने केव्हा उपसले, देव जाणे! खाली नऊ नोंदी. विहीर कोठे, आणि तिच्यात कळशी पडली ती कोणत्या बाजूला. शाळेचे कडुलिंबाचे झाड देवळाच्या कोणत्या अंगाला. धाकटा भाऊ तापाने गेला ती खोली दारापासून कितवी. या भावाच्या नावाने ते नातवाला हाक मारत होते, आणि तो कसा गेला हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते.

आजीबाईंनी ज्वारीची भाकर आणि पातोडीची भाजी खाऊ घातली. मग उन्हे उतरेपर्यंत आम्ही एकेक स्थान पाहत हिंडलो. विहीर बुजली होती. कडुलिंब गेला होता. तिथे मोबाइलचे दुकान होते. तरी आबा जागा चुकले नाहीत. बुजलेल्या विहिरीवर उभे राहून त्यांनी चिरंजीवांना दाखवले, "इथं वाकलास तर आवाज घुमतो." चिरंजीव वाकले, आणि सपाट जमिनीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. पोराने ते किती सहज केले!

वही आम्ही डब्यात ठेवून आलो. खेळाचा नियमच तसा आहे. शिवाय ती तिथेच शोभते. येताना पानांची छायाचित्रे तेवढी घेतली. तळ्याकाठचा खडाही आम्ही उचलला नाही. ते अभयारण्य आहे, आणि प्रत्येकाने एकेक खडा नेला तर पुढे येणाऱ्याला काय उरायचे?

स्थानपोथी मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. एखाद्या माणसाच्या बसण्याउठण्याच्या जागा एवढ्या बारकाईने लिहून का ठेवाव्या, असे मुले दरवर्षी विचारतात. भक्तीमुळे, हे उत्तर खरेच आहे. त्याला आता मी एक जोड देणार आहे. माणूस जाऊ लागला की त्याचे बोलणे आधी विरते, मग चेहरा. जागा सर्वांत शेवटी जाते. ज्यांनी आपले माणूस गमावले होते त्यांनी ती शेवटची गोष्ट घट्ट धरून ठेवली. मात्र त्यासाठी कोणीतरी वेळेवर विचारावे लागते, आणि दिशा-पावलांसकट लिहून घ्यावे लागते.

परतताना अंधार पडला. महामार्गाला लागल्यावर आबांनी विचारले, "आपण कुठून येतो आहोत रे?" गाडीत कोणी बोलेना. लोणारचा सारा दिवस गेला होता तर! चिरंजीवांनी खिशातून मोबाइल काढला आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली, "पहिले स्थान. कमळजेकडे पाठ करून तुळशीपासून अकरा पावले..."

"डोण," आबा म्हणाले. दुसरे स्थान त्यांनी वाचू दिले नाही, आपणच सांगितले. तिसरेही. नऊ झाली. मग थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, "दहावं लिहून घे. संध्याकाळी आई पायरीवर बसायची. सर्वांत खालच्या. डाव्या बाजूला ती. उजवी बाजू माझी."

चिरंजीवांनी ते लिहून घेतले. आजींकडे पुन्हा जाऊ तेव्हा ते वहीत उतरवायचे आहे.